न फोडलेली भट्टी

इतकी वर्षे लोटली, तरी ते प्रकरण मला तपशिलासह आठवते. मात्र त्याचा उलगडा माझ्या सेवेत झाला नाही. तो निवृत्तीनंतर, संयुक्त अरब अमिरातीतल्या एका उजाड डोंगरात झाला.

मी तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गावात चांदी शुद्ध करण्याचे लहान कारखाने होते. त्यांपैकी एका मालकाने तक्रार अर्ज दिला की, भेसळीची चांदी गाळल्यावर जेवढी शुद्ध चांदी निघायला हवी होती, तिच्यापेक्षा अर्धा किलो कमी भरली. भट्टीवर एकच कारागीर होता. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली, त्या कारागिराच्या घरी शिलाई मशीन आले आहे. मला एवढे पुरेसे वाटले. पंचांसमक्ष घर पाहिले. चांदीचा कण सापडला नाही आणि मशीन मेहुण्याने दिलेले जुने निघाले. तरीही मी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले.

“चांदी कुठे आहे?”

“भट्टीतच आहे, साहेब. तळ नवा घातलाय. नवा तळ चांदी पितो.”

“पितो? मग झिंगून पडला असेल!” मी म्हणालो. हवालदार मोठ्याने हसले.

“फोडून बघा ना, साहेब. तुमच्यासमोर पुन्हा गाळून देतो.”

मी मालकाला विचारले. “नव्या तळानं एवढी घट येत नाही, साहेब,” तो म्हणाला. “आणि फोडला तर माझं आठ दिवस काम बंद.”

मालकाचे म्हणणे मी ग्राह्य धरले. पंचनाम्यात भट्टीची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये नोंदवली. ती फोडली मात्र नाही. कारागिराचा जबाब घेताना तळाविषयीचे त्याचे बोलणे मला विषयाला सोडून वाटले, म्हणून ते मी लिहिलेच नाही. पुरावा नसल्याने अर्ज निकाली निघाला.

“आता मला चांदीजवळ कोण उभं करणार, साहेब?” जाताना त्याने विचारले.

कोणीही केले नाही. माझी बदली होईपर्यंत मी त्याला बाजारात बटाट्याची पोती उतरवताना पाहत असे आणि ‘सुटला लेकाचा’ असे मनात म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे अमिरातीत गेलो होतो. तिचे ऑफिस जबल अलीला आहे. सुटीच्या दिवशी तिने आम्हाला डोंगरातली प्राचीन तांब्याची खाण पाहायला नेले. वाटाड्या रत्नागिरीकडचा, वीसेक वर्षे तिकडेच राहिलेला. “यल्ला, चला काका, सावकाश. इथं दगड सरकतात,” असे म्हणत तो पुढे चालला होता. खाणीच्या तोंडाशी पोचल्यावर नात म्हणाली, “आजोबा, इट्स जस्ट अ होल!” मला मात्र खाणीपेक्षा भोवतालची जमीन विलक्षण वाटली. ती काळ्या, काचेसारख्या तुकड्यांनी भरलेली होती. धातू वितळवताना उरलेली ती मळी होती.

“एवढी मळी आहे, मग एकही भट्टी शाबूत कशी नाही?” मी विचारले.

“फोडायचे ना, काका. भट्टी धातू पिते. तो परत काढायचा तर भट्टी फोडावीच लागते.”

मी थांबलो. “चांदीसुद्धा पिते?”

“चांदी तर जास्तच. मी आधी शारजात चांदी गाळायच्या कामावर होतो. शुद्ध करताना शिसं घालतात. ते तळात मुरतं आणि चांदीला सोबत घेऊन जातं. तळ नवा असला, नीट भाजलेला नसला, तर विचारूच नका.”

साक्षीदाराला विचारावे तसा मी तोच प्रश्न तीन वेळा, शब्द बदलून विचारला. तो हसला. “काका, पोलिसात होता काय?”

“बाबा, ऊन लागलं का? पाणी देऊ?” मुलगी म्हणाली. मी खाली बसलो होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

गावी परतल्यावर त्या वेळच्या हवालदारांकडून कारागिराचा फोन नंबर मिळवला. आता त्याने सत्तरी ओलांडली आहे. मी प्रथमच त्याला ‘तुम्ही’ म्हटले, खाणीत ऐकलेले सगळे सांगितले आणि माफी मागितली. सगळे ऐकून तो म्हणाला,

“मालकानं पुढच्याच महिन्यात तळ फोडला, साहेब. निघाली चांदी. शेजारच्या कारखान्यातल्यांनी मला सांगितलं.”

“मग तुम्ही ठाण्यात येऊन सांगितलं का नाही?”



“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, साहेब.”

तरुण अधिकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: ज्याच्यावर संशय आहे, त्याने एखादी गोष्ट तपासून पाहा म्हटले, तर ती आधी तपासावी आणि मग वाटल्यास हसावे. मला एक हातोडा आणि अर्धा दिवस, एवढेच लागणार होते. त्याऐवजी मी त्याचा व्यवसाय हिरावून घेतला, आणि तो परत देणे आता माझ्या हाती नाही.

आमच्याकडे प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ कारागिराच्या जबाबाखालीही मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले आणि त्याखाली त्याची सही घेतली होती.