व्हर्लिन यांच्या पाटीवरचे दोन आकडे

व्हर्लिन स्टुट्झमन यांच्या वर्कशॉपचं काउंटर मी सतरा वर्षं सांभाळतेय. इंडियानातल्या आमच्या या गावात ज्याला गाडी शर्यतीत पळवायची असते, तो इंजिन त्यांच्याकडेच आणतो. माणूस मोजकं बोलतो. मोजलेला आकडा खडूने पाटीवर लिहितो आणि काम संपेपर्यंत पुसत नाही.

त्या एप्रिलात त्यांची लेक मार्लिस स्वतःचंच इंजिन घेऊन आली. टर्बो लावून तिला हजार हॉर्सपॉवर काढायचे होते. एवढा मार खायला इंजिनचा तळ भक्कम हवा. म्हणून क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता मुख्य दांडा, धरून ठेवणाऱ्या जुन्या कॅप काढून पोलादी बसवायच्या, त्या जाड स्टडनी, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्यांनी, नट लावून आवळायच्या, आणि मग क्रँक ज्यात फिरतो ती भोकं घासून नेमकी गोल करायची. आत तेलापुरतीच फट राहते. ती कमी पडली तर भर वेगात क्रँक जाम होतो.

सोमवारी व्हर्लिननी सगळं आवळून घासलं, मोजलं, आकडा लिहिला. मंगळवारी सकाळी मार्लिसने धुतलेल्या कॅप पुन्हा बसवल्या, नट हाताने फिरवून ठेवले आणि ती शाळेची बस चालवायला गेली. व्हर्लिननी पाना लावून नट आवळले. मोजलं तर भोक अर्ध्या थाऊने लहान. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दुपारी त्यांनी स्वतः सगळं उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं. आकडा बरोबर आला. बुधवारी मार्लिसने पुन्हा धुऊन बसवलं, तर परत लहान.

पाटीवर आता दोन आकडे होते. व्हर्लिन त्या आकड्यांकडे बघत उभेच राहिले. त्यांच्या थोरल्या भावाला याच वयात विसरायला होऊ लागलं होतं, शेवटी तो बायकोलाही ओळखेना. मला म्हणाले, "दोन्ही खरे कसे असतील? त्या गाडीत माझी पोर बसणार आहे. माझंच डोकं फिरत असेल तर हे इंजिन मी देणार नाही. यापुढे कुणाचंच घेणार नाही."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

संध्याकाळी चर्चमध्ये जेवण होतं, कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडी आणि नूडल्स. प्रार्थना झाली, सगळ्यांनी चमचे उचलले, तरी व्हर्लिन जोडलेल्या हातांकडेच बघत होते. अंगठ्याच्या घडीत करडं, चमकणारं काहीतरी बसलं होतं.

"मार्लिस, स्टडना तू काय लावतेस?"

"स्टडच्या पाकिटातली पेस्ट. सोबतच्या कागदावर लिहिलंय तसं."

"मी तेल लावतो."

"बाबा, तुम्ही आयुष्यात एक तरी कागद वाचलाय का?"

पेस्ट तेलापेक्षा निसरडी. पान्यावर जोर तेवढाच लावला तरी स्टड जास्त ताणला जातो, कॅप जास्त दाबते आणि भोक आवळलं जातं. दोन्ही आकडे खरेच होते.

गुरुवारी त्यांनी पेस्ट लावूनच आवळलं आणि भोकं पुन्हा घासली. मार्लिसने कॅप बसवल्यावर भोकं मोजली, मग स्वतः बसवून मोजली. एकच आकडा. तो लिहून त्याच्यापुढे 'पेस्ट' असं लिहिलं, सोमवारच्या आकड्यापुढे 'तेल'. इंजिन न्यायला सांगितलं. पण खडू हातातच राहिला.

"आज गुरुवारच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी तारीख घातली.