बोटीच्या चार खिडक्या

बाबांनी ती बोट घेतली तेव्हा ती ठाण्यात कोलशेतच्या खाडीकिनाऱ्यावर चिखलात एका कुशीवर पडलेली होती. मुंबईच्या कुणा साहेबाची जुनी शिडाची बोट, फायबरची, आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी केबिन. आई तिला सवत म्हणायची. ‘सवतीला भेटून या, आणि येताना भाजी आणा,’ असं दर रविवारी. आई गेल्यावर बाबा रविवारी तिकडे जायचे ते दिवसभरासाठीच, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही. वर्तकनगरच्या दोन खोल्यांत मी एकटी वह्या तपासत बसायचे. मी शाळेत शिकवायचे. मुलं मला घाबरायची ती उगीच नाही.

बाबा कोलशेतच्याच एका केमिकल कारखान्यात फिटर होते. तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या मागच्या फाटकातून खाडी बघितली. हे पाणी वसईला समुद्राला मिळतं, ती जागा एकदा पाण्यावरून जाऊन बघायची, एवढीच त्यांची इच्छा. ‘बसने जाऊन बघा की,’ मी म्हणायचे. ते हसायचे आणि विषय बदलायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, निवृत्त झाल्यावर वर्षभरातच, त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. वारं लागलं की खोकल्याची उबळ यायची आणि ओठ निळे पडायचे. म्हणजे बोटीत उघड्यावर बसणं बादच. बसायचं तर केबिनमध्ये, आणि बघायचं ते खिडकीतून. बोटीला चार खिडक्या होत्या, न उघडणाऱ्या, केबिनच्या भिंतीला बोल्टने आवळलेल्या ॲक्रिलिकच्या काचा. त्या उन्हाने इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की आतून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, आणि कडेने पाणी झिरपायचं ते वेगळंच.

‘खिडक्या बदलल्या की निघू,’ बाबांनी जाहीर केलं.

कोळीवाड्यातले एक काका बाबांचे जुने दोस्त. बोटीवर त्यांचंच लक्ष असायचं. वाटेत पूल आहेत, म्हणून डोलकाठी आडवी ठेवायची आणि काकांनी आपल्या मशीनच्या होडीने आमची बोट ओढत न्यायची, असं ठरलं. फक्त एक अडचण होती. बोट वर चिखलात होती. ती तरंगायची फक्त उधाणाला, पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला. पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती.

बाबांना जोर लावता येत नव्हता, म्हणून हाताखाली मी. जुन्या काचा काढल्या, त्यांच्याखालचं वाळून दगड झालेलं सील पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. माझी नखं तुटली आणि मी तसं दर पाच मिनिटांनी ऐकवलं. जुनी काच नव्या शीटवर ठेवून पेन्सिलीने आकार काढला, हॅकसॉने कापला. भोकं बोल्टपेक्षा जरा मोठीच पाडायची, कारण उन्हात ही काच फुगते, हे बाबांना ठाऊक होतं. कडेला टेप लावली, सिलिकॉनची नळी पिळून सगळीकडे जाड रेघ ओढली, काच दाबून बसवली. मग मी आतून नट पाना लावून धरायचा आणि बाबांनी बाहेरून बोल्ट फिरवायचा. त्यांना धाप लागायची, तरी म्हणायचे, ‘अजून एक आटा.’ चारी बाजूंनी सिलिकॉन बाहेर आलं. त्यांनी ते बोटाने पुसलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘बघ, कसं गच्च बसलं!’ इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही बादलीने काचांवर पाणी ओतून बघितलं. डाव्या बाजूच्या दोन्ही खिडक्या गळल्या. खालच्या बाकावर असेल दोन वाट्या पाणी.

मी नळीवरचं बारीक इंग्रजी तेव्हा वाचलं. आधीच वाचायला हवं होतं. बोल्ट आधी सैलसर ठेवायचे, आठवडाभर सिलिकॉनचं रबर होऊ द्यायचं, मग आवळायचं. बाबा ऐकत राहिले. कारखान्यात सांध्यात घालायचं रबराचं गॅस्केट तयार मिळायचं. पाइप गळला की आवळायचा, हे त्यांच्या हातात बसलेलं. ‘म्हणजे गॅस्केट इथंच तयार व्हायचं होतं,’ ते हळूच म्हणाले, ‘आणि मी पिळून बाहेर काढलं.’

काका म्हणाले, ‘येवढंसं पानी हाय, पोरी. आमच्या होडीत याच्याहून जास्त असतं. डबा घ्यायचा न् फेकायचं.’

माझं डोकं फिरलं. नखं, रविवार, घरातलं एकटेपण, सगळं त्या दोन वाट्यांवर निघालं. ‘तीस वर्षं फिटर होतात ना तुम्ही?’ मी बाबांना म्हणाले, काकांच्या देखत. ‘गळक्या बोटीत मी पाय ठेवणार नाही. आणि मी नसेन तर तुम्हीही जायचं नाही. अमावास्येला जाऊ. पंधरा दिवसांनी काही समुद्र आटत नाही.’

बाबांनी काकांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं.’

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची भरती येऊन गेली. बोट तरंगली, आणि आम्ही तिच्यात बसून काचा पुन्हा काढत होतो. या वेळी नळीवर लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. बाबांना हातात काही धरवत नव्हतं, म्हणून बोल्ट मीच फिरवले, सैल, फक्त बोटांनी. आठवड्याने एकटीच येऊन आवळले, तोवर ते अंथरुणावरून उठत नव्हते. पुढच्या दोन दिवसांत हॉस्पिटल. खाटेवरून त्यांनी मला एकच विचारलं, ‘सिलिकॉन सुकलं का गं?’ मी म्हटलं, ‘रबर झालंय मस्त.’ अमावास्येला तीन दिवस राहिले असताना बाबा गेले.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेतल्या आणि काका म्हणाले, ‘भरती आजच हाय. ठरल्यापरमानं जाऊ.’ मी तांब्या मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसले, बाबा बसणार होते त्याच बाकावर. वाटेत लाटांचं पाणी काचांवर सपासप बसत होतं. आत एक थेंब आला नाही. एवढं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही, आणि मला त्याचा इतका संताप आला की काच फोडावीशी वाटली.

वसईपुढे काकांनी मशीन बंद केलं आणि आमच्या बोटीत आले. तांब्याचं फडकं सोडता सोडता मी म्हणाले, ‘मला काय माहीत, काका, एवढ्यात असं होईल.’

त्यांनी गाठ सोडायला हात लावला. मग म्हणाले, ‘त्याला माहीत होतं. पुनवेच्या आधीच डाक्टर बोललेला, पंधरा दिस पन नाय. मला सांगितलेलं. तुला सांगू नको बोलला.’

‘मग त्या दिवशी निघाले का नाहीत?’

‘तुला सोडून कसा जाईल? मी बोललो त्याला, चल, तिला राहू दे घरी. तर बोलला, तिच्याशिवाय मजा नाय.’

समोर खाडी संपत होती. पाण्याचा रंग बदलतो ती जागा स्पष्ट दिसत होती, मातकट पाणी एका बाजूला आणि करडं दुसऱ्या. मी ती नीट बघितली. मला समुद्र बघायची हौस कधीच नव्हती. ज्यांना होती, त्यांना मी थांबवून ठेवलं, आणि ते माझ्यासाठी थांबले.