पाहुण्यांसमोर पसारा नको

मावशींना न आवरलेलं अंथरूण सहन होत नसे. त्यावर झोपलेला माणूस जागा झालाय की नाही, हा त्यांच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न होता. कन्हान नदीकाठच्या आमच्या गावातल्या बेघर निवाऱ्याचं सगळं त्याच बघत. मी नगरपरिषदेतला, निवाऱ्याचं काम पाहणारा बाबू. सकाळी गेलो की सतरंजीच्या एका टोकावर देवराव आणि दुसरं टोक ओढणाऱ्या मावशी, हा देखावा ठरलेला.

"मावशी, मी आहो ना अजून याच्यावर!"

"मंग उठ ना गा. घर हाय का धर्मशाळा?"

देवराव पूर्वी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होता. पाय निकामी झाला तशी नोकरी गेली, मग खोली गेली. मावशींना दिरांनी घराबाहेर काढलं होतं. निवाऱ्यातली दाराजवळची पहिली खाट त्यांचीच. इथंच का झोपता, असं कुणी विचारलंच, तर "ड्युटी हाय" म्हणत.

निवारा सरकारी अनुदानावर चाले, म्हणजे बहुतेक किराणेवाल्याच्या भलेपणावर चाले. "येतंय, येतंय," असं मी सांगत राही. मावशी म्हणत, "तुमचं अनुदान म्हणजे जावई हाय भाऊ. येतो येतो म्हणते, अन् आला का फुगून बसते." आणि वरणात आणखी पाणी घालत.

एकदा निरोप आला, नागपूरहून साहेब पाहणीला येणार. निवारा वापरात दिसला तर अनुदान चालू, नाही तर बंद. मी हे मावशींना नीट समजावून सांगितलं. त्यांनीही नीट ऐकून घेतलं आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घरची बाई जे करते तेच केलं.

साहेबांना घेऊन पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती, फिनाइलचा वास सुटला होता, चादरी ढोलकीसारख्या ताणलेल्या होत्या आणि आत चिटपाखरू नव्हतं.

"राहणारे लोक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"घाटावर धाडले जी," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "पाहुण्यायसमोर पसारा कायले?"

साहेबांनी एका चादरीवरून बोट फिरवलं. सुरकुती सापडली नाही. मी स्कूटर काढली, घाट गाठला आणि देवरावला मागं बसवून आणलं. मावशींनी त्याला सकाळीच घासूनपुसून आंघोळ करायला लावली होती. डोक्याला तेल, सरळ भांग, अंगात इस्त्रीचा शर्ट. साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे बेघर वाटत नाहीत," ते म्हणाले. मग मावशींनी केलेले तर्री-पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले आणि गेले.

अनुदान बंद झालं. मावशींवर चिडायला मला चांगलं कारण होतं, पण चिडता येईना. त्या जागेला त्यांच्याइतकं घर कुणीच मानलं नव्हतं, आम्ही तर नाहीच. मला फार वाईट वाटलं.

कुलूप लावायच्या दिवशी देवराव सकाळीच एसटी स्टँडवर मुक्कामाला गेला. मावशींनी सगळी ब्लँकेटं घड्या करून रचली, फरशी पुसली, किल्ली माझ्या हातात दिली. दाराजवळची त्यांची खाट तेवढी तशीच होती. चादर चुरगळलेली, उशीत डोक्याचा खड्डा.

"मावशी, ही राहिली," म्हणत मी वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या भाऊ. कोणी पाहाले आलं, तं दिसलं पाहिजे, इथं माणूस झोपत होता."

मग बोचकं उचलून त्याही स्टँडकडे निघाल्या.