किसनरावांचा अडलेला घास

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मी धाड या गावी एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. लोक औषधाच्या रिकाम्या बाटल्या परत आणून देत, किस्से मात्र आमच्याकडेच टाकून जात. त्यातले हे किसनरावांचे.

किसनराव वांगी पिकवायचे. दर बाजारी माल विकला की आमच्याकडे यायचे. तक्रार एकच, घास छातीत अडतो. डॉक्टर म्हणाले, घाई करता, बत्तीस वेळा चावा. पुढच्या बाजारी बायको, सरूबाई, सोबत आली. म्हणाली, "डाक्टरसायेब, बैलं चारा खाऊन बसले, तरी याह्यची पहिलीच भाकर चालू राह्यते."

*

पुतण्याच्या लग्नात पंगत बसली. शेवटच्याचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांचे हात वाळले, तरी किसनराव आपले पाण्याच्या घोटाबरोबर बुंदी उतरवताहेत. गावभर झालं, "लय खाते बे हा माणूस!" इकडे त्यांचा सदरा महिन्यागणिक ढगळ होत चाललेला.

*

शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, पडजीभ पडली. त्यावर उपाय म्हणजे टाळूवरचे केस धरून वर ओढायचे. उन्हाळाभर ओढले. टाळूला चांगलं टक्कल पडलं, भाकरी अडायची ती अडतच राहिली.

*

आमच्या दवाखान्याचं निदान ॲसिडिटी. डॉक्टर लिहीत, मी गुलाबी मिक्श्चर बाटलीत भरून वर डोसाची कागदी पट्टी चिकटवी. एकदा डॉक्टरांनी विचारलं, औषध कसं काय?

"औषध मस्त उतरते जी. भाकरच अडते."

डॉक्टर खूश झाले, डोस वाढवला. मीही हसलो होतो. आता त्याची लाज वाटते.

*

अशी सहा वर्षं गेली. मग एका दुपारी भाकरीचा तुकडा अडला तो हलेचना, थुंकीही गिळवेना. डॉक्टरांनी मला सोबत देऊन त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं नळी घालून तुकडा काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, अन्ननलिका वर्षानुवर्षं आतून सुजत राहून आक्रसली आहे. आता जन्मभर अधूनमधून नळी घालून ती रुंद करत राहावी लागेल, आधी आणलं असतं तर ही पाळी आली नसती. मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं थांबलात कशाला?"

किसनरावांचा आवाज बसला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"थांबलो कुठी, सायेब? दर बाजारी जातच होतो. इचारा ना याह्यले."