लाल दोरी कोणी बांधली

मी हे रागातच लिहितेय. ग्लेंडा हार्टशॉर्न आमच्या शेजारी राहते, वय चौसष्ट, पेन्शनला दोन वर्षं बाकी, आणि एकोणीस वर्षं आमच्या थॉर्नकोटच्या दवाखान्यात साफसफाई करते. संध्याकाळी सहाला डॉक्टर घरी जातात तेव्हा ही आत जाते, म्हणून निम्म्या गावाला ती माहीतच नाही. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणते.

तर त्या दवाखान्याच्या संडासात छतातून एक लाल दोरी लोंबते. ओढली की बाहेर घंटा वाजते. आत कोणी पडलं तर पडल्या जागेवरून हात पोचावा म्हणून ती जमिनीपर्यंत हवी. पण आमच्याकडे इंग्लंडात घरोघरी संडासातला दिवा दोरी ओढूनच लावतात, त्यामुळे येणारा प्रत्येक जण सवयीने लालच ओढतो. दिवसातून दहादा घंटा. मग मॅनेजर क्लाइव्ह ट्रॉवेल वैतागून ती वर गुंडाळून गाठ मारायचा आणि मावशी रोज संध्याकाळी सोडायची. वर्षानुवर्षं हेच. सात वर्षांपूर्वी पिकल्सबाई नावाच्या एक पेशंट तिथे खुबा मोडून चाळीस मिनिटं पडून होत्या, दोरी डोक्याच्या वर. त्या सापडल्या मावशीलाच.

त्यानंतर तिने पाटी चिकटवली, 'लाल दोरी दिव्याची नाही'. यंदा सरकारी तपासणी येणार कळल्यावर क्लाइव्हने भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या आणि ती पाटी काढून टाकली. हाताने लिहिलेली बरी दिसत नाही म्हणे.

तपासणीवाल्या बाईंनी सगळ्यात आधी बघितली ती क्लाइव्हने सवयीने मारलेली गाठच. अहवालात लिहिलं, सुरक्षितता: सुधारणा हवी. त्या सगळ्यांशी बोलल्या, फक्त मावशीशी नाही, कारण त्या पाचला निघून गेल्या.

मग क्लाइव्हने मावशीला टाइप केलेला कागद दिला. 'फरशी पुसताना मी दोरी वर बांधत असे, यापुढे बांधणार नाही.' खाली सही कर, नाहीतर काम संपलं. तो कागद तपासणी खात्याला जाणार होता आणि अहवालासोबत दवाखान्याच्या भिंतीवरही लागणार होता.

"कर सही, ग्लेंडा," आमच्या स्वयंपाकघरात चहा ओतत आई म्हणाली. "दोनच वर्षं काढायचीत. कोण वाचतंय."

"मी आत्ता फेसबुकवर टाकते," मी म्हणाले.

"तू बिस्किट खा," मावशी म्हणाली. "पिकल्सबाईंची मुलगी दर महिन्याला गोळ्या न्यायला येते. ती वाचेल. तिला वाटेल, माझ्या गाठीमुळे तिची आई तशी पडून राहिली."

आईने किटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हट्टाने तिच्यासोबत गेले. क्लाइव्ह कोट घालून दारातच उभा.

"झाली का सही, राणी?"

तिने कागद दिला. टाइप केलेल्या ओळीवर काट मारलेली, खाली तिच्या अक्षरात: 'मी बांधली नाही. मी रोज सोडली. कोणी बांधली ते क्लाइव्हला माहीत आहे.' आणि सही.

"हे मी वर पाठवू शकत नाही."

"नको पाठवूस. दुसरी प्रत आहे माझ्याकडे, तपासणीवाल्या बाईंच्या नावाने. पाकिटाला तिकीटही लावलंय."

"मग किल्ल्या ठेव."

किल्ल्यांचा जुडगा तिने त्याच्या हातात नाही दिला, काउंटरवर ठेवला. आम्ही दोघी तिथून थेट कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे गेलो.