साहेबाच्या वहीतली नाणी

मंडळी, आज आमची छान फजिती झाली.

कोकणातल्या बंदरांशी मावळचा जुना व्यापार होता, त्याचा पुरावा आम्ही लोहगडवाडीजवळ शोधतोय. १९३०च्या दशकात इथं फिरलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या वहीत इंग्रजीत नोंद आहे, फक्त ‘नाणी’ हा शब्द गावकऱ्यांचा, जसा ऐकला तसा: ‘गावकरी म्हणतात, टेकडीवर नाणी आहेत.’ आठ दिवस खणलं. एक नाणं नाही.

आज आम्ही खणतोय त्या शेताच्या मालकीणबाईंना नोंद वाचून दाखवली. मावशी हसल्या. “अवो ताई, नाणी म्हंजी आंगुळीची. त्या पान्याच्या टाक्यापाशी हाय की.”

म्हणजे न्हाणी.

माती काढली. दगडात कोरलेली न्हाणी निघाली आणि तिच्या मोरीत शंखाच्या बांगडीचा तुकडा. समुद्रातला शंख, डोंगरावर. पुरावा मिळाला.

मावशी आठ दिवस आम्हाला चहा आणून देत होत्या. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं होतं, साखर कमी.