जर्मनीचा काढा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझे बाकी सगळे उद्योग ठाऊक आहेत.

पुण्यात एका ठिकाणी मी बिअर चाखायचं काम करतो. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि काय लागलं ते मेनूत लिहायचं. हसू नका, त्यावर घर चालतं. गावी, निरगुडसरला मात्र मी 'हॉटेल लाइनीत' होतो, कारण आमचे आण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून दारूचा थेंब नाही. पण त्यांचं नाक — काय सांगू? आण्णा गुऱ्हाळावर गुळवे होते. उकळत्या काहिलीची वाफ हुंगून गूळ कधी उतरवायचा ते सांगायचे, आणि त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

एकदा जर्मनीहून गव्हाची बिअर आली. काळपट, दाट, चांगली कडक. पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंग — एवढं कुणीही सांगेल. पण घोट गिळल्यावर तळाशी काहीतरी उरायचं, त्याला माझ्याकडे शब्दच नव्हता. आठवडाभर झटलो. मग काय केलं मी? बाटलीचं लेबल भिजवून सोललं आणि बाटली पिशवीत घालून गावी गेलो.

नुसती हुंगायला देता आली नसती का? आली असती. पण मला चव हवी होती. दुपारी ओसरीवर आण्णांच्या कपात ओतली आणि म्हणालो, जर्मनीचा काढा आहे, गव्हाचा, खोकल्याला चांगला. त्यांनी कप घेतला. पोटच्या पोरावर कोण संशय घेतं?

डोळे मिटून दोन घोट प्यायले. "काहिलीच्या बुडाला गूळ धरायच्या आदी जो वास सुटतो ना, त्यो हाय ह्यात," म्हणाले. "लई जपून उतरवलाय कुणीतरी."

ते वाक्य मी मेनूत लिहिलं — माझं म्हणून. मालकानं पाठ थोपटली. पुढच्या खेपेला आण्णांनीच विचारलं, काढा आणला का? आणला होता. तीन हिवाळे आणत राहिलो. दर कपाला मला नवा शब्द मिळत होता, आणि मी हावरट झालो होतो.

यंदा आण्णा गेले. आदल्या दिवशी लोणीची आत्या भेटायला आली होती. माळेवर बोट ठेवून तिला म्हणाले, "माळ घातल्यापासनं दारूला शिवलो न्हाई म्या. पांडुरंगाफुडं ताठ मानेनं उभा ऱ्हाईन. इचार ह्याला."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आण्णांनीही पाहिलं.

मी हो म्हणालो.

माळ त्यांच्याबरोबरच गेली. शेवटच्या बाटलीत थोडी उरलीय, ती आईनं फडताळात ठेवलीय, देवाच्या अंगाऱ्याशेजारी — आण्णांचं औषध म्हणून. गावी गेलो की मला ती दिसते. मी फडताळ लावून घेतो.